फुली मारलेला माठ

"अंगाला विचारा. अंगाएवढा इमानी नोकर नाही, आणि अंगाएवढा खमका मालकही नाही."

आबांच्या तोंडून हे ऐकलं नाही असा माणूस त्या गल्लीत सापडला नसता. कुणाला जेवण जात नसलं, कुणी उन्हातून येऊन मटकन पायरीवर बसलं, कुणाची पोटरी धरून आली, की आबांचं उत्तर ठरलेलं. त्यांची सून एकदा म्हणाली होती, "माझ्या अंगाला विचारलं तर ते रोज सकाळी झोपून राहा म्हणतं." आबा म्हणाले, "ते अंग नव्हे पोरी, तो आळस. त्याचा आवाज वेगळा असतो. लाडीगोडीचा."

आबा काचेच्या कारखान्यात होते. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लांब पोकळ नळी भट्टीच्या तोंडात घालायची, टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, नळी फिरवत फिरवत हळूच फुंकर घालायची, की त्या गोळ्याला पोट सुटायचं. बरण्या, दिव्यांच्या काचा, औषधवाल्यांच्या मोठ्या बाटल्या. बाकी कामं यंत्रांनी घेतली, पण मोठ्या पोटाच्या बरण्या अजून माणसाच्या दमावरच व्हायच्या. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना फुंकरआबा म्हणत. त्यांच्या भुवया कधीच जळून गेल्या होत्या आणि गाल आतून सैल झाले होते. हसले की दोन्ही गाल रिकाम्या पिशवीसारखे हलायचे.

भट्टीच्या पोटात दगड वितळेल एवढी आग. तिच्यापासून चार हातांवर माणूस उभा. आणि तरी त्या माणसाच्या आतली ऊब तेवढीच, जेवढी घरात बसून शिवण करणाऱ्या त्याच्या सुनेच्या आतली. थंडीत तेवढीच, उन्हाळ्यात तेवढीच. चार अंशांनी ती वर गेली तर माणूस बरळू लागतो, म्हणून अंग तिला जागची हलू देत नाही. बाहेर आग वाढली की रक्त कातडीकडे धावतं, कातडी घाम सोडते, घाम वाळताना ताप उचलून घेऊन जातो. काळजाचे ठोके वाढतात. लघवी आटते. जीभ पाणी मागते. कुणाचा हुकूम नाही की कुणाची शाबासकी नाही. आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. छत्तीस वर्षं स्वतःच्या अंगावर लक्ष ठेवून त्यांना ते कळलं होतं.

घामाबरोबर पाणी जातं हे सगळ्यांना दिसतं. मीठ जातं हे भट्टीवाल्यांनाच दिसतं, कारण कामाची पाळी संपली की त्यांच्या सदऱ्यांवर पांढऱ्या नकाशासारख्या रेघा उठलेल्या असतात. म्हणून भट्टीच्या मागच्या भिंतीला एक माठ असायचा. मिठाच्या पाण्याचा. दर तासाला प्रत्येकाने त्यातलं एक वाटी प्यायचं, हा तिथला जुना रिवाज. नवा आलेला गडी पहिल्या दिवशी तोंड वाकडं करायचा, मग आबा त्याला सांगायचे, "खारट लागलं तर थांब. गोड लागलं तर आणखी एक वाटी घे." गड्याला वाटायचं म्हातारा थट्टा करतोय. पण पहिली पाळी भट्टीसमोर काढली की चौथ्या तासाला तेच पाणी खरंच गोड लागायचं. अंगातलं मीठ उतरलं की जीभ आपली चव बदलते. भरलं की तीच जीभ तोंड फिरवते. यापेक्षा सरळ माप कुठल्या कारखान्यात असेल?

आता सुनेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या हातून झालं, आणि प्रेमानं झालं.

ती खिडकीशी शिलाईचं यंत्र मांडून शाळेचे गणवेश शिवायची. नवरा लांब पल्ल्याचा मालट्रक चालवायचा. महिन्यातून चार दिवस घरी. घरात ती आणि सासरे, एवढंच. दोन वर्षांपूर्वी सासूही होती. एका सकाळी चहाचा कप सासूच्या हातातून गळून पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. रक्तदाब. डोक्यातली शीर फुटली होती. पुढचे पाच महिने सुनेनं तिला कूस बदलून दिली, भरवलं, पुसलं. त्या पाच महिन्यांत डॉक्टर जे म्हणाले होते त्यातलं एकच वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं गेलं: मीठ फार खायच्या का या?

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आबांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा सुनेच्या पायाखालची जमीनच सरकली. डॉक्टरांच्या दारात वीस माणसं खोळंबली होती. त्यांनी एक गोळी लिहून दिली, गोळीनं लघवी जास्त होईल असं सांगितलं, मीठ निम्मं करा म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. काय खाता, हे त्यांनी विचारलं. काय काम करता, हे विचारलं नाही. आणि आबा डॉक्टरपुढे न विचारलेलं बोलणाऱ्यातले नव्हते.

डॉक्टर निम्मं म्हणाले होते. सुनेनं मीठ बंदच केलं. मिठाची बरणी तिनं शिलाईच्या कपाटात ठेवली, कापडाच्या ताग्यांमागे, आणि किल्ली कमरेला लावली. स्वतःही अळणी जेवू लागली, म्हणजे आबांना वेगळं वाटायला नको. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि मुकादमाला बाहेर बोलावून म्हणाली, की आमच्या आबांना त्या माठातलं पाणी द्यायचं नाही, माझी शपथ आहे. मुकादम आबांच्याच वयाचा, आबांच्या बायकोच्या आजारपणात घरी येऊन गेलेला. त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भट्टीमागे दुसरा माठ आला. साध्या पाण्याचा. चुकून अदलाबदल नको म्हणून मुकादमाने त्यावर खडूने मोठी फुली मारली. भट्टीवाल्यांना चेष्टेला विषयच मिळाला. सूनबाईंचा सरकारी माठ, असं ते त्याला म्हणू लागले. आबाही त्यांच्यात हसले. पण संध्याकाळी जेवताना त्यांनी एक घास तोंडात फिरवत ठेवला आणि म्हणाले,

"पोरी, अंग मागतंय गं."

सून पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. "अंग मागेल ते देत गेलो, म्हणून सासूबाई गेल्या," ती म्हणाली. "मला पुन्हा ते बघायचं नाही, आबा. तुम्ही शब्द द्या."

आबांनी घास गिळला आणि शब्द दिला. आणि आबांचा शब्द म्हणजे भट्टीतून काढलेली काच. एकदा थंड झाली की वाकत नाही.

सुरुवातीला सगळं सुनेच्या मनासारखं झालं. रक्तदाब मोजायचं यंत्र तिनं विकत आणलं होतं, त्यातले आकडे खाली आले. ती ते आकडे कॅलेंडरवर लिहायची आणि नवऱ्याला फोनवर वाचून दाखवायची. आबांची तहान मात्र वाढली. ते कारखान्यात साधं पाणी पीत, घरी आल्यावर तांब्यामागून तांब्या पीत, आणि तरी तोंड कोरडंच. बसल्या बसल्या पोटरीत गोळे येत. डोकं जड राही. जेवणावरून उठताना मळमळे. सुनेनं विचारलं, तर म्हणायचे, उन्हाळा आहे.

एका दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली, तर आबा पाळीवरून येऊन आंघोळीच्या खोलीपाशी उभे होते. सदरा अंगातून काढलेला, आणि त्याची कॉलर तोंडाजवळ. क्षणभर तिला वाटलं ते तोंड पुसताहेत. मग दिसलं. कॉलरवर उठलेली ती पांढरी रेघ आबा जिभेनं चाटत होते. हळूहळू, डोळे मिटून.

ती ओरडली. एखाद्या लेकराच्या हातातून माती हिसकावी तसा तिनं सदरा ओढून घेतला. लोक काय म्हणतील, असंही काहीतरी बोलली. अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस उघड्या अंगानं तिथं उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज होती. पुढे कित्येक महिने सुनेला तो चेहरा शिवणाच्या प्रत्येक टाक्यात दिसायचा.

सदऱ्याच्या त्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी आबा कारखान्यातून लवकर आले. खिडकीतून सुनेनं त्यांना गल्लीच्या वळणावर पाहिलं आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं. ते सरळ चालत नव्हते. डावा पाय जमिनीवर पडण्याआधी जरा वेळ हवेत घुटमळत होता, जशी पायरी शोधतोय. मग ते शेजारच्या दारापाशी गेले, कडी वाजवली, आणि शेजारीण बाहेर आल्यावर तिला म्हणाले, "बरणी निवत ठेवलीय, हात लावू नकोस." सून धावत गेली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला सासूच्या नावानं हाक मारली.

तोंड वाकडं झालं नव्हतं. हात उचलता येत होते. पण सुनेच्या डोक्यात एकच चित्र होतं, गळून पडलेल्या कपाचं. तिनं आबांना खाटेवर बसवलं, आणि उन्हानं झालं असेल या आशेवर त्यांना पाणी पाजलं. एक तांब्या. मग आणखी एक. आबा मुकाट्याने पीत गेले. नंतर ती हेच आठवून स्वतःचे हात बघत बसायची.

शेजारणीच्या दिरानं गाडी काढली. वाटेत आबांची मान मागे गेली, दात घट्ट बसले आणि सगळं अंग थडथडू लागलं. सुनेनं त्यांचं डोकं मांडीवर धरलं आणि किती वेळ धरलं ते तिला कळलं नाही.

मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आबांच्या हातात सुई घातली, रक्त पाठवलं, आणि मग सुनेकडे वळून पहिला प्रश्न विचारला तो हा: "काम काय करतात हे?"

"काच फुंकतात. भट्टीवर."

"आणि जेवणात मीठ?"

"कणभरसुद्धा नाही," सून म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "दोन महिने झाले. कारखान्यातही बंद केलंय."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी गोळीचं पाकीट मागून घेतलं आणि ते आपल्या खिशात टाकलं.

अर्ध्या तासात कागद आला. रक्तातल्या मिठाचा आकडा एकशे चाळीसच्या आसपास हवा, आबांचा एकशे बारा होता. डॉक्टरीणबाईंनी बाकावर सुनेशेजारी बसून समजावलं. अंगात मीठ आणि पाणी एकमेकांना धरून असतात. घामानं मीठ गेलं, गोळीनं लघवीतून गेलं, जेवणातून आलं नाही, आणि वरून नुसतं पाणी पडत राहिलं. मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकून तोल सांभाळू पाहतात, पण त्यालाही थोडं मीठ लागतं, आणि त्या गोळीनं त्यांचे हात बांधलेले. मग रक्त पातळ झालं आणि पाणी मेंदूत शिरलं. मेंदू सुजला. कवटी काही सैल होत नाही.

सुनेनं फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी केलं?"

"एकट्या तुम्ही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्यांनी गोळी दिली त्यांनी कामाचं विचारायला हवं होतं. पण ते आत्ता राहू द्या."

जास्त मिठाच्या सलाईनचा पहिला थोडा डोस जोरात गेला आणि आबांचे झटके थांबले. त्यानंतर मात्र सलाईनच्या नळीतला थेंब एवढा संथ पडू लागला, की सुनेला वाटलं नळी अडकलीय. ती उठून सिस्टरकडे गेली. मीठच हवंय ना, मग भरा ना भराभर. सिस्टर वयस्क होती, तिनं असं किती जणांकडून ऐकलं असेल. ती म्हणाली, की दिवसभरात आकडा सहा-आठनंच वर सरकायला हवा. घाई केली तर सुजलेला मेंदू एकदम आकसतो आणि आतून तडकतो, मग माणूस वाचतो पण उठत नाही.

तडकतो. हा शब्द सुनेच्या ओळखीचा होता. लग्न होऊन आली त्या पहिल्या महिन्यात आबांनी तिला कारखाना दाखवला होता. फुंकून झालेली बरणी ते थेट बाहेर ठेवत नसत. एका लांब बोगद्यासारख्या मंद भट्टीत ती सरकवत, आणि तिथून ती दुसऱ्या टोकाला निघायला सगळा दिवस जाई. सुनेनं तेव्हा विचारलं होतं, पाण्यात बुडवली तर पटकन थंड नाही का होणार? आबा म्हणाले होते, "होईल की. दिसायला अख्खीही राहील. मग एक दिवस रिकाम्या फळीवर, कुणी हात न लावता, टच्चकन फुटेल. आत ताण राहतो, पोरी. तिला तिच्या चालीनं निवू द्यावं लागतं."

ती परत येऊन बाकावर बसली आणि थेंब मोजू लागली. नवऱ्याचा फोन आला, तो चार दिवसांच्या अंतरावर होता. तिनं त्याला सगळं खरं सांगितलं, बरणीच्या किल्लीपासून सदऱ्यापर्यंत.

संध्याकाळी एकशे सतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे वीस. आबा डोळे उघडत, पण डोळ्यांत ओळख नसे. मुकादम आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तो स्वतःलाच दोष देत होता. फुली मी मारली, असं तो दोन-तीनदा म्हणाला. शेवटच्या आठवड्यात आबा मिठाच्या माठापाशी जाऊन नुसते उभे राहायचे, हात न लावता, हेही त्याने सांगितलं. गड्यांनी वाटी पुढे केली तर म्हणायचे, शब्द दिलाय. सुनेनं पदर तोंडात धरला.

आकडा वर सरकत होता, पण आबा परत येतील की नाही हे आकड्यात लिहिलेलं नव्हतं. सिस्टर दर काही तासांनी येऊन त्यांना नाव विचारी, बोट दाबायला सांगी. बोट दाबलं जाई. नाव येत नसे. सून त्या ओठांकडे बघत राही. हेच ते ओठ, ज्यांच्या फुंकरीनं काचेला आकार यायचा, आणि आता त्यांना एक शब्द जमत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकशे सत्तावीसवर होता. सून खुर्चीत पेंगुळली होती. डोक्यावर हात पडला म्हणून ती दचकून जागी झाली.

"सूनबाई," आबा म्हणाले. आवाज फाटका होता. "जेवलीस का?"

ती रडली नाही. रडणं नंतर आलं, जिन्यात, एकटीला. त्या वेळी तिनं फक्त विचारलं, "आबा, तुमचं अंग सांगत होतं ना?"

"सांगत होतं."

"मग ऐकलं का नाही?"

"तुझी भीती जास्त मोठ्यानं बोलत होती, पोरी," ते म्हणाले. एवढंच. हा विषय त्या घरात पुन्हा त्यांनी काढला नाही.

पुढे गोळी बदलली. मिठाचं माप डॉक्टरीणबाईंनी आखून दिलं. जेवणात इतकं, पाळीवर इतकं, दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. बरणी कपाटातून निघून पुन्हा चुलीशेजारी आली. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा मुकादमाने आबांना मंद भट्टीवर घेतलं. बरण्या निवताना बघायचं काम. आबांना ते फारसं रुचलं नाही. छत्तीस वर्षं फुंकलं आणि आता पाळणा हलवायचा, असं ते म्हणाले. पण महिन्याभरानं कामावर जायचा दिवस आला, तेव्हा पहाटेपासून त्यांची दाढी करून झाली होती.

सुनेनं एका वाटीत मिठाचं पाणी केलं. डॉक्टरीणबाईंच्या मापानं, सपाट चमच्यानं मोजून. जास्त झालं तर सासूबाई आठवायच्या, कमी झालं तर ती गाडी आठवायची, आणि या दोहोंच्या मध्ये जी अरुंद वाट आहे तिच्यावर रोज चालायचं कसं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आबांचं अंग ती वाट छत्तीस वर्षं न बघता चालत होतं.

आबांनी घोट घेतला. सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कसं लागतंय?"

आबांनी जीभ टाळ्याला लावली. अर्धी वाटी खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं, अगदी पहिल्या दिवसाच्या नव्या गड्यासारखं.

"खारट," ते म्हणाले. "भरलंय."

डबा घेऊन ते उतरले. सून खिडकीशी शिलाईच्या यंत्रावर बसली, सुईखाली गणवेशाची बाही होती, पण खालच्या पायपट्टीवर पाय पडला नाही. ती आबांचे पाय बघत होती. उजवा. डावा. डावा पाय सरळ टेकला. पुन्हा डावा. सरळ. वळणापाशी आबा थांबले आणि एकदम खाली वाकले. सुनेच्या हातातली बाही गळली, ती अर्धी उठली. आबांनी चपलेचा पट्टा टाचेवर चढवला, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि मागे न बघता कारखान्याच्या रस्त्याला लागले.

सून तशीच अर्धी उभी राहिली. सदरा वळणाआड दिसेनासा झाला, तरी बराच वेळ.